तुम्ही विचारलंत म्हणून: सात्या ओळखणाऱ्याला ‘ते’ मशरूम का ओळखता येत नाही

दरवर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी सात्यांनी, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या रानातल्या मशरूमनी, भरलेल्या टोपल्याचा फोटो टाकतो. दोन दिवसांत कोणीतरी हळूच विचारतंच, “सर, तुमच्या जंगलात ते नशेवालं मशरूम मिळतं का? फोटो पाठवला तर ओळखून द्याल?” पुण्याहून विचारतात, नागपूरहून विचारतात. मागच्या वर्षी तर माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळलो, म्हणून आज एकदाच सविस्तर.

ओळखून देणार नाही. पहिलं कारण असं की मला ते येत नाही. येत असतं तरी फोटोवरून दिलं नसतं.

जन्म गोंदिया जिल्ह्यात गेला, घराच्या मागे जंगल, आणि येत कसं नाही? घोळ इथेच आहे. आमच्याकडे ‘मशरूम ओळखणारा’ असा कोणी नसतो, सात्या ओळखणारे असतात. कोणी सात्या म्हणतो, कोणी टेकोडे. माझ्या मोठ्या मायला चार प्रकार यायचे. ते कुठल्या वारुळावर, कुठल्या पावसानंतर येतात हे तिला पाठ होतं. बाकी सगळ्या तिच्या लेखी कुत्र्याच्या छत्र्या. पाचव्या प्रकाराचं नाव तिने कधी कोणाला विचारलं नाही.

लहानपणी मी धावत जाऊन पांढरं दिसेल ते उपटायचो. ती म्हणायची, “थे नोको घेऊ, लेका. त्याले मूळ नाई.” मग खुरप्याने माती सैल करून दाखवायची. सात्याचा दांडा जमिनीखाली निमुळता होत खोल जातो, कधी हातभर. ओढला तर मधेच तुटतो. ते मूळ कुठवर जातं हे मला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर वाचून कळलं. उधई म्हणजे वाळवी वारुळाच्या आत पालापाचोळा आणि लाकूड चावून त्याचं पोळ्यासारखं काहीतरी बांधते आणि त्यावर ही बुरशी पिकवते. बुरशी लाकूड कुजवून मऊ करते, उधई ते खाते. दोघींचं एकमेकींवाचून भागत नाही. पाऊस लागला की त्या पोळ्यातून दांडा वर निघतो आणि जमिनीवर छत्री उघडते. धिंगरी, बटन ही मशरूम शेडमध्ये पिकतात, सात्या तशा पिकवता येत नाहीत. बाजारात त्यांना मटणापेक्षा जास्त भाव येतो तो यामुळेच.

या सगळ्या कुळाला ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव 1942 मध्ये रोजे आइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं. गंमत पुढे आहे. तुम्ही ज्याबद्दल विचारता, त्या मेक्सिकोतल्या मशरूमच्या जाती ओळखून पॅरिसच्या प्रयोगशाळेत वाढवणाराही हाच आइम. त्याने पाठवलेल्या मालातून अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सिलोसायबिन, म्हणजे त्यातलं नशेचं द्रव्य, वेगळं काढलं. म्हणजे माझं टोपलं आणि तुमचा प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावरून गेलेले आहेत. पण त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक होता, आयुष्यभराचा अभ्यास होता. तुमच्याकडे मोबाईल आहे.

आता माझी फजिती सांगतो. मोठी माय गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गावाच्या आखरावर, गुरं उभी राहतात तिथल्या गवतात, भल्यामोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. वर तपकिरी खवले, दिसायला झकास. मी आणि माझा साळा पिशवी भरून घेऊन आलो. मूळ पाहिलं का? नाही. वारूळ होतं का? नाही. बायको म्हणाली, “काहून आणल्या ह्या?” तिची समजूत काढायला मी तिचं चांदीचं जोडवं रश्शात टाकून शिजवलं. जोडवं काळं पडलं नाही. आम्ही दोघांनी पोटभर खाल्लं, तिने हात लावला नाही.

आठला जेवलो, दहाला उलट्या सुरू. जुलाब, पोटात पीळ. साळा तर भिंतीला धरून बसला. रात्री मोटारसायकलवर तिघं तालुक्याला. तिथल्या तरुण डॉक्टरने नाव-गाव नंतर विचारलं, आधी विचारलं, “खाल्लं किती वाजता? पहिली उलटी किती वाजता?” दोन तास म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. कारण त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. सगळ्यांत वाईट विष, अॅमॅटॉक्सिन, सहा ते बारा तास किंवा जास्तही गप्प बसतं. मग उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस माणसाला बरं वाटतं, तो घरी जायचं म्हणतो, आणि तेवढ्यात आत यकृत निकामी होत असतं. उकळून, वाळवून ते विष जात नाही. तरी लवकर उलटी झाली म्हणून त्याने आम्हाला सोडलं नाही. पिशवीत दोन जाती मिसळल्या असतील तर? दोन दिवस सलाईन आणि यकृताच्या तपासण्या. बायकोने उरलेल्या छत्र्या पिशवीत घालून सोबत आणल्या होत्या, हे तिचं शहाणपण. दोन दिवसांत त्यांच्या खालच्या पात्यांवर हिरवट झाक आली होती. ती हिरव्या बीजाणूंची विषारी छत्री होती, हे नंतर कळलं.

चांदी, लसूण, किड्याने खाल्लेलं म्हणजे चांगलं, या सगळ्या परीक्षा फोल आहेत. जोडव्याचा विषय घरात अजून निघतो.

तर एवढी मोठी, ठसठशीत छत्री मला कळली नाही. सिलोसायबिनवाल्या बहुतेक जाती लहान आणि तपकिरी असतात, आणि अॅमॅटॉक्सिनवाल्या काही जातीही तशाच लहान, तपकिरी. वर्षानुवर्षं अभ्यास केलेलेही त्यात चुकतात. शिवाय सिलोसायबिन 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, हेही माहीत असू द्या. मी शाळामास्तर आहे, पेन्शन जवळ आली आहे.

“पण तिकडचे आदिवासी तर खातात ना?” हाही प्रश्न येतो. मेक्सिकोत मारिया साबिना नावाची बाई होती. रोग्यासाठी रात्र जागवायची आणि त्या विधीत हे मशरूम घ्यायची. 1955 मध्ये तिने एका अमेरिकन बँकरला त्यात बसू दिलं, 1957 मध्ये त्याने ते साप्ताहिकात छापलं. मग गावात परक्यांची रीघ लागली, पोलीस आले, गाव तिच्यावर उलटलं आणि तिचं घर जाळलं गेलं. सात्यांच्या फोटोखाली मी जागेचं नाव लिहीत नाही, ते हे वाचल्यापासून.

सात्या खायच्या असतील तर रोवणी आटोपली की या, घरी भाजी करू. सोबत जंगलात यायचं असेल तर पायात बूट घाला, चपला नकोत. वारुळात नाग असतो.