आंबोलीच्या सड्यावर नऊ नंबरचा बूट

शनिवारचा अख्खा दिवस मोठ्या धबधब्यापाशी गेला. भिजकी कणसं, गाड्यांतली ढणढण गाणी, पार्किंगवरून भांडणं. पुन्हा त्या बाजूला जाणार नाही, विषय संपला.

रात्री नऊला गावातल्या एका जाणत्या माणसाबरोबर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर गेलो. जूनचा पहिला आठवडा, दोन-तीन दमदार सरी नुकत्याच पडून गेलेल्या. जांभ्याच्या कातळावर बशीएवढी, परातीएवढी डबकी बॅटरीच्या उजेडात चमकत होती. एका दगडाच्या कपारीत अंगठ्याएवढा भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक बसला होता, कुशीवर पिवळे पट्टे. हाच तो आंबोली भेक. 2009 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, त्यात त्या वाघासारख्या पट्ट्यांमुळे ‘टायगरिना’ आलं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. फोटो नीट यावा म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो.

“पाय खंय टाकतास तां बघा!”

उजवा बूट डबक्यात. बॅटरी खाली धरली, तर टाचेला लागून मोहरीएवढे दाणे, चिकात गुरफटलेले. अंडी. काही टाचेखालीही असणार, ते बघायचं धाडस झालं नाही. पाय उचलावा की तसाच ठेवावा, हेही सुचेना. शेवटी त्यांनीच माझं पाऊल हाताने धरून सरळ वर उचललं, बैलाचा खूर उचलावा तसं.

एवढी नदी-ओढे सोडून इथे, वीतभरही खोल नसलेल्या पाण्यात अंडी का घालायची? ते म्हणाले, ओढ्यात मासे खातात, धार लागली की वाहून जातात. डबक्यात मासा नसतो. पण चार दिवस उघडीप पडली की पाणी आटतं आणि वीण जागच्या जागी वाळते. पावसावरच सगळी भिस्त. त्यात आता माझा नऊ नंबरचा बूट.

शहरात मी ‘निसर्गात पायाचे ठसेच ठेवा’ असं छापलेला टीशर्ट घालतो. त्या रात्रीही तोच होता, रेनकोटखाली.

परतताना रस्त्यावर जागोजाग बेडूक. मी गाडीतून उतरलो, बॅटरी घेऊन पुढे चालू लागलो, बायको पहिल्या गियरमध्ये मागे. तिच्या मागच्या गाडीने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. एकाने काच खाली करून विचारलं, “काय हरवलंय का?”

मी “हो” म्हणालो.