दालातमधली करडईची बहीण

व्हिएतनाममधल्या दालातच्या बाजारात आई एका टोपलीपाशी थबकली. "अगं बाई, हे करडईचं बोंड एवढं मोठं कसं झालं?"

मी हसलो, पण ती चुकली नव्हती. टोपलीत आर्टिचोक होते, म्हणजे एक फुलभाजी. हे आणि आपली करडई एकाच कुळातले, काटेरी घराण्यातले. आमच्या मंगळवेढ्याकडे ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी घालतात, जनावर आत शिरू नये म्हणून. काटे ओळखायला आईला पुस्तक लागत नाही.

दालात साधारण १५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडं वरच. हो ची मिन्ह शहरातून स्लीपर बसनं सुमारे तीनशे किलोमीटर. रात्रभर पाय दुमडून झोपलो, त्याबद्दल जास्त बोलत नाही. १८९३ मध्ये अलेक्झांडर येरसिन या डॉक्टरनं हे पठार पाहिलं आणि पुढे फ्रेंचांनी इथे हवा खायचं गाव वसवलं. प्लेगचा जंतू शोधणारा तोच हा येरसिन. १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांना सीरम टोचायला तो मुंबईतही येऊन गेला होता. फ्रेंच गेले, त्यांची आर्टिचोकची भाजी राहिली. तिचं इथलं नावही त्यांच्याच शब्दावरून: आतिसो.

आपण खातो ते आर्टिचोकचं न उमललेलं फूल. झाडावर राहू दिलं तर जांभळा झुपका फुलतो, मग खाण्याच्या कामाचं राहत नाही. आमच्या होमस्टेच्या मालकीणबाईंनी दोन फुलं नुसती उकडून दिली, कारण इथली खास डिश म्हणजे डुकराच्या पायांबरोबर शिजवलेलं आतिसोचं सूप, आणि ते आईपुढे ठेवायची माझी छाती नव्हती. एकेक पाकळी ओढायची, तिच्या बुडाशी असलेला गर दातांनी खरवडायचा, बाकीचं टाकायचं. शेवग्याची शेंग खाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आत केसाळ गाभा निघतो, तो काढून टाकला की खाली मऊ बूड. चव बटाटा आणि कोवळ्या कणसाच्या मधली कुठली तरी. ताटात मात्र सालांचा ढीग पाहून आई म्हणाली, "खाल्लं किती आणि टाकलं किती!"

नंतर पाणी प्यायलो तर गोड लागलं. आवळा खाल्ल्यावर लागतं तसंच!

पण दालातची खरी ओळख म्हणजे आतिसोचा चहा. बाजारात पोत्यांमध्ये मुळांच्या चकत्या, देठाचे तुकडे, वाळकी पानं, सुकवलेली फुलं. फुलं महाग, मुळं-देठं स्वस्त. पाकळ्या टाकताना हळहळणाऱ्या आईला हे फार आवडलं: झाडाचं काहीच वाया जात नाही. दुकानदारीणबाई हाताला धरून बसवतात आणि इवल्याशा कपात गरम गरम ओततात. रंग तांबूस तपकिरी, वास ओल्या मातीचा, चव आधी कडवट आणि मागून गोडसर. यानं यकृत थंड राहतं असं त्या पोटावर हात ठेवून सांगतात. मी तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही, पण संध्याकाळी धुकं उतरल्यावर तो कप हातात धरायला फार बरा वाटतो.

एका दुकानात मी चकचकीत डब्यातल्या चहाच्या पुड्या घेतल्या. त्या इतक्या गोड निघाल्या, की आतिसोचा पत्ताच लागेना. आईनं मात्र पोत्यातल्या साध्या चकत्या घेतल्या होत्या, वास घेऊन, दाताखाली तोडून बघून, आणि कॅल्क्युलेटरवर बोटं नाचवत भाव पाडून.

आता घरी ती मूठभर चकत्या पातेल्यात टाकून अर्धा तास उकळते. बाबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "ह्यात दूध कधी घालायचं?"