ती खाट कुणासाठी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे सगळ्यांनीच, आपापल्या सुरात. कॅज्युअल्टीत आठ वर्षं काढल्यावर आपत्कालीन आणि आपत्ती आरोग्यसेवेत पदव्युत्तर शिक्षण कशाला? एक सहकारी तर म्हणाला, "भूकंप झाला की सर्टिफिकेट दाखवणार आहेस का?" मीही हसले होते तेव्हा.

आधी कबुली. पहिलं सत्र मी चिडचिड करतच काढलं. मला शॉक, रक्तस्राव, मोडलेली हाडं हवी होती. पदरात पडलं पाणी आणि संडास. छावणीत माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, 20 माणसांमागे एक संडास. मृतदेहांमुळे साथ पसरते ही भीती बहुतेक वेळा निराधार असते आणि त्या भीतीपोटी ओळख न पटवता घाईने उरकलेल्या दफनांनी घरच्यांचे हाल होतात, हेही तिथेच कळलं. संख्याशास्त्रात जेमतेम तरले. वहीच्या शेवटच्या पानावर 'हे डॉक्टरचं काम आहे का?' असं माझ्याच अक्षरात आहे.

पण मी तिथे गेले ती एका रात्रीमुळे, आणि ती रात्र तुम्हाला मी कधी धड सांगितलेली नाही.

बस उलटली होती. फोन आला, बरेच जखमी येताहेत. वीस मिनिटांत चौदा जण आले, मिळेल त्या गाडीने, बहुतेक स्वतःच्या पायांनी. कपाळं फुटलेली, मनगटं मोडलेली, रक्त भरपूर आणि आरडाओरडा त्याहून जास्त. मी प्रत्येकाला खाट दिली. टाके, सलाईन, एक्स-रे. एका तरुणाला एकदा उलटी झाली म्हणून सीटीला पाठवलं आणि मशीन अडकवलं. सगळं कसं झपाझप चाललं होतं. त्या तासाभरात मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

मग रुग्णवाहिका आल्या. पत्रा कापून बाहेर काढलेली माणसं. त्यांच्यातलं कुणी ओरडत नव्हतं. एका बाईंचं पोट फुगत चाललेलं, मनगटाला नाडी लागत नव्हती. खाट नव्हती. रिससच्या, म्हणजे जीव धोक्यात असलेल्यांसाठीच्या, खाटेवर मनगटाचं प्लास्टर चाललं होतं, ओलं. त्या माणसाला उठवून, जागा करून, रक्त मागवेपर्यंत अकरा मिनिटं गेली. स्ट्रेचर दारातच. बाई ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचल्या नाहीत.

अकरा मिनिटांनी काही फरक पडला असता का? तेव्हा मी ठासून सांगायचे, नाही. चौकशीच्या कागदावर कारण लागलं 'गर्दी', आणि मी खाली सही केली.

दुसऱ्या सत्रात टोकियो शिकवलं. 20 मार्च 1995, भुयारी रेल्वेत सरीन वायू. सेंट ल्यूक्स रुग्णालयात एका दिवसात 640 जण आले, बरेचसे चालत नाहीतर टॅक्सीने. हलका जखमी आधी पोचतो कारण त्याला चालता येतं. गंभीर मागून येतो कारण त्याला कुणीतरी बाहेर काढावं लागतं. एवढंच. शेंबड्या पोराला कळेल असं. मला आठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला ते सुचलंही नव्हतं. हलक्याला गंभीर धरणं, ओव्हरट्रायाज, ही रोजच्या कॅज्युअल्टीत सावधगिरी असते. बॉम्बस्फोटांच्या नोंदी ताडून पाहणाऱ्या 2002 सालच्या एका अभ्यासात मात्र असं दिसलं, की हे प्रमाण जिथे जास्त, तिथे गंभीर जखमींचे मृत्यूही जास्त. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली, जखमींची गंभीरतेनुसार झटपट वर्गवारी करायची 'स्टार्ट' पद्धत मी अग्निशमनवाल्यांचा खेळ समजत होते: श्वास मिनिटाला 30 च्या वर का, नख दाबून सोडल्यावर लाली 2 सेकंदांत परतते का, साधी सूचना पाळतो का. माणशी मिनिटभर पुरे.

जुनी मी अजून भांडते. म्हणते, तुला पाप धुवायचं होतं, त्याची फी भरलीस. मी म्हणते, मग काय करायला हवं होतं? पुन्हा 'गर्दी'खाली सही? यावर ती गप्प बसत नाही. म्हणते, बाई परत आल्या का?

गेल्या वर्षी कारखान्यात स्फोट झाल्याचा फोन आला. घोटा मोडलेले एक काका आधी पोचले. त्यांना मी खुर्चीवर बसवलं आणि रिससची खाट मोकळी ठेवली. त्यांचा मुलगा सगळ्यांदेखत ओरडला, "मॅडम, ती खाट कुणासाठी राखून ठेवलीय?" येणाऱ्यांसाठी, म्हटलं. कुणीच आलं नाही. बाकीचे जखमी दुसरीकडे नेले होते आणि ते आम्हाला कळवायचं राहून गेलं. काका दोन तास चाळीस मिनिटं खुर्चीत होते, पाय लोंबता, दुखण्याचं एक इंजेक्शन तेवढं दिलेलं. खाटेवरची चादर सकाळपर्यंत तशीच.

नोंदवहीत 'विलंबाचे कारण' असा रकाना असतो. मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. शेवटी 'गर्दी' लिहिलं. गर्दी नव्हती.