फक्त उषाताई उरल्या

सकाळी दहाला पतसंस्थेतून अण्णांचा फोन. "अरे, सभासद गेले कुठे? यादीत नुसते नंबर दिसतायत. उषाताई तेवढ्या आहेत, पण त्यांचंही आडनाव उडालंय."

आदल्या रात्री मीच त्यांची सिस्टिम जुन्या सर्व्हरवरून नव्या उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर हलवली होती. ती ज्या भाषेत लिहिली आहे ती पीएचपीही 5.6 वरून 7.4 वर नेली. हलवण्याआधी तपासणीची छोटी स्क्रिप्टही चालवली होती: लागणारी तीसेक फंक्शन्स (ठरलेलं काम करणारे कोडचे तुकडे), प्रत्येकासमोर 'फंक्शन_एक्झिस्ट्स', म्हणजे हे फंक्शन आहे का? सगळीकडे 'आहे'. म्हणून निवांत झोपलो होतो.

डेटाबेस उघडला तर नावं जागच्या जागी. मग तास-दीड तास कोलेशन (अक्षरांची तुलना कशी करायची याचे नियम) आणि यूटीएफ-8 (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) यांच्या सेटिंगवर घालवला. देवनागरी बिघडली की आपला पहिला संशय तिथेच जातो. एरर लॉग कोरा.

शेवटी उषाताईंनीच वाट दाखवली. 'उषा राम माने' मधलं 'उषा राम' एवढंच दिसत होतं. यादीत नाव 20 अक्षरांवर कापायचं असा कोड होता. हे नाव तर 12 च्या पुढे जात नाही. पण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना, मात्रा, जोडाक्षरातला हलंतही वेगळा धरून) 3 बाइटचं आणि स्पेस 1 बाइटची. 'उषा' 9, स्पेस 1, 'राम' 9, पुन्हा स्पेस 1. बरोबर 20! म्हणजे कात्री अक्षरं नाही, बाइट मोजत होती. त्यांचं नाव नशिबाने सांध्यावर कापलं गेलं. बाकीच्यांची बहुतेक नावं अक्षराच्या मधोमध तुटली, आणि मजकूर पानावर दाखवण्याआधी सुरक्षित करणाऱ्या 7.4 मधल्या 'एचटीएमएल-स्पेशल-चार्स'ला तुटकं यूटीएफ-8 दिलं की ते तक्रार न करता रिकामी स्ट्रिंग परत देतं.

पण कोडमध्ये तर 'एमबी_सबस्ट्र' होतं, जे अक्षरं मोजतं. 'रिफ्लेक्शन-फंक्शन' लावून विचारलं, हे फंक्शन कुठल्या फाइलमधलं? पीएचपीच्या पोटातलं असतं तर उत्तर 'फॉल्स' यायला हवं होतं. आला आमच्याच हेल्पर फाइलचा पत्ता. तिथे आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं: 'एमबी_सबस्ट्र' नसेल तर त्याच नावाचं फंक्शन बनवा, आत साधं, बाइट मोजणारं 'सबस्ट्र' चालवा. वर कॉमेंट, 'टेंपररी'. इंग्रजी नावांवर तपासलं असणार, दुसरं काय!

खरं 'एमबी_सबस्ट्र' ज्यात येतं ते एमबी-स्ट्रिंगचं पॅकेज उबुंटूवर वेगळं टाकावं लागतं, ते मी विसरलो होतो. आणि माझी तपासणीची स्क्रिप्ट? तिच्या पहिल्याच ओळीत मी ती हेल्पर फाइल जोडली होती. तोतया आधीच खुर्चीत बसलेला, आणि मी दारातून विचारतोय, साहेब आहेत का?

पॅकेज टाकलं, पीएचपी रीस्टार्ट केलं, नावं परतली. हेल्परमधला तो तुकडा काढून टाकला. स्क्रिप्ट आता काहीही न जोडता चालते, आणि फंक्शन नुसतं आहे का एवढंच न पाहता 'ज्ञानेश्वर'ची लांबी विचारते. 10 आली तर खरं, 30 आली तर बाइट मोजणारं.

दुपारी अण्णांचा पुन्हा फोन. "उषाताईंचं आडनाव आलं. पण एका चौधरींचं 'चौधर' झालंय."

हे जुन्या सर्व्हरवरही होत असणार. 'एमबी_सबस्ट्र' वेलांटीलाही वेगळं अक्षर धरतं. ती न तोडणारं 'ग्राफीम_सबस्ट्र' पीएचपीच्या इंटल या एक्स्टेन्शनमध्ये (जोड-पॅकेजमध्ये) मिळतं. सर्व्हरवर बघितलं, ते पॅकेजही टाकलेलं नव्हतं.