पुलाखालची वसाहत

भिंगऱ्यांच्या नादी लागलं की मानेचा काटा ढिला होतो. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत पक्षी पुलाच्या पल्याड! तरी बहुतेक जणी काही ना काही खूण मिरवतात. तारवाल्या भिंगरीचं पोट पांढरंशुभ्र आणि शेपटीला दोन लांब तारा. हिवाळी पाहुणी माळभिंगरी, तिच्या तांबूस गळ्याखाली निळाकाळा पट्टा.

रेघाळ गळ्याच्या भिंगरीने, म्हणजे स्ट्रीक-थ्रोटेड स्वॉलोने, असली मेहेरबानी केलेली नाही. जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा जीव. डोकं मळकट तांबूस, कंबर भुरकट, शेपटीची खाच नावापुरती. बरं, रेघांवर भरवसा ठेवावा तर त्या लालबुडी भिंगरीच्या पोटावरही असतात. फक्त तिची शेपटी लांब, दुभंगलेली. माझं मत विचाराल तर उडत्या पक्ष्याचा गळा बघायचा हट्ट सोडावा आणि तिचं घर गाठावं.

पूर्वी नदीकाठच्या कपारी होत्या, आता पूल आणि कालव्यांवरच्या मोऱ्याही चालतात. खालून पाहिलं की चिखलाच्या गोळ्यांची घरटी एकमेकांना खेटून, भिंतीला भिंत लावून बसलेली. प्रत्येकाला सुरईसारखी पुढे आलेली मान. तारवालीचं घरटं उघड्या अर्ध्या वाटीसारखं, एका जोडीपुरतं. लालबुडीच्या घरट्याला नळी असते खरी, पण तिला शेजार फारसा मानवत नाही. चाळीत राहायची हौस हिचीच.

बांधकाम चालू असेल तर तास कसा जातो कळत नाही. काठच्या ओल्या मातीत उतरायचं, चोचीत मावेल तेवढा गोळा उचलायचा, वर जाऊन दाबून बसवायचा. ताजा गोळा गडद दिसतो, वाळलेला फिका. त्यामुळे कडेची ओली पट्टी पाहिली की आज किती काम झालं, ते दुरूनही कळतं. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा धरत नाही, म्हणून घाई करून उपयोग नसतो. मधूनच एखादी घरट्याच्या तोंडाशी डोकं काढून बसते, आणि एरवी हुलकावणी देणाऱ्या गळ्यावरच्या रेघा निवांत मोजता येतात.

मात्र अगदी घरट्यांखाली उभं राहू नये. पिल्लांसाठी किडे घेऊन आलेले पक्षी मग आत न शिरता नुसत्या घिरट्या घालत राहतात. शिवाय खाली उभं राहणाऱ्याच्या टोपीवर काय पडतं, ते वेगळं सांगायला नको.