शिकता शिकता धंदा: भांडवल जमतं, पैसे मागायला तोंड उघडत नाही

शेवटच्या वर्षाला मी आणि माझ्या एका मित्रानं थ्रीडी प्रिंटिंगचं, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर चढवून वस्तू बनवायचं काम सुरू केलं. प्रोजेक्टची मॉडेल्स, छोटे गिअर, सर्किट बसवायचे डबे, असली कामं. स्वतःचा बॉस व्हायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं. विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये आमच्याच मॉडेलचा नंबर लागत नव्हता आणि रांगेत आमच्याइतकेच वैतागलेले बरेच जण होते. गिऱ्हाईक आधी दिसलं, धंदा मागून सुचला.

विद्यार्थी उद्योगात का उतरतात यावर काम करणारे बहुतेक जण आयझेन या मानसशास्त्रज्ञाच्या १९९१ च्या मांडणीचा आधार घेतात. माणसाला ते करावंसं वाटलं पाहिजे, जवळच्यांना पटलं पाहिजे आणि आपल्याला जमेल असा भरवसा हवा. पहिलं आमच्याकडे भरपूर होतं. दुसऱ्याचं म्हणाल, तर घरून विरोध असा नव्हता, फक्त प्रत्येक फोनवर "मुलाखती कधी सुरू होतायत?" एवढंच.

पैशाचं फारसं अडलं नाही. सेकंडहँड प्रिंटर घेतला, तोही बुडाला तरी झोप उडणार नाही एवढ्याच रकमेत. सारस सरस्वती यांनी २००१ मध्ये उद्योजकांच्या विचारपद्धतीवर लिहिताना हेच सूत्र मांडलंय: नफ्याच्या अंदाजाआधी सोसवेल तेवढा तोटा ठरवायचा. हे मी नंतर वाचलं.

अडलं ते तिसऱ्यावर, आपल्याला जमेल या भरवशावर, आणि तेही मशीनपाशी नाही. गिऱ्हाईक म्हणजे वर्गातलेच मित्र. "एवढ्याशा प्लास्टिकचे कसले पैसे घेतोस यार?" यावर तोंडच उघडेना. पहिला थर प्लेटला नीट चिकटला नाही की कोपरे उचलले जातात, नोझल, म्हणजे प्लास्टिक सोडणारी तोटी, तुंबली की रात्रभर चाललेलं मॉडेल सकाळी कचऱ्यात. हे समोरच्याला दिसत नाही, त्याच्या हातात काही ग्रॅमचा तुकडा असतो. शेवटी फाइल त्याच्यासमोरच सॉफ्टवेअरमध्ये उघडायला लागलो. किती ग्रॅम, किती तास, सगळं स्क्रीनवर. दर कागदावर छापून भिंतीला लावला, निम्मे पैसे आगाऊ. कागदाकडे बोट दाखवायला लाज वाटत नाही! दोघे-तिघे रुसले, बाकीच्यांनी मुकाट दिले.

दुसरी अडचण कुणी आधी सांगितली नव्हती. विद्यार्थ्यांना विकलं की हंगाम त्यांच्या सबमिशनचा, म्हणजे नेमका आपल्याही सबमिशनचा. इतर वेळी प्रिंटर धूळ खात पडलेला आणि त्या आठवड्यात दारात गर्दी. मग ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख लावली आणि एका ज्युनिअरला नगावर पैसे ठरवून मशीनपाशी बसवलं.

मित्राला नोकरी लागली तेव्हा तो गेला. वाईट वाटलं, पण भांडण झालं नाही, कारण सोडणाऱ्याला प्रिंटरच्या चालू किमतीची निम्मी रक्कम मिळेल हे सुरुवातीलाच लिहून दोघांनी सह्या केल्या होत्या. ती रक्कम मी त्याला हप्त्यांनी दिली. आता निम्म्याहून जास्त काम विद्यापीठाबाहेरचं आहे, आणि ती माणसं दर विचारून मगच फाइल पाठवतात.