टाळू शिवली, तरी ‘प’ घशातच

लेकीची टाळू, म्हणजे तोंडाचं छत, जन्मतः दुभंगलेली होती. ती अकराव्या महिन्यात शिवली. फट बुजली की बोलणं आपोआप सुटेल, असं आम्ही धरून चाललो होतो. तसं होत नाही. प, ब, त, ट, क, स म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. त्यासाठी मऊ टाळू, म्हणजे टाळूचा मागचा हलणारा भाग, वर उचलून घशाच्या भिंतीला टेकते आणि नाकाची वाट बंद करते. ती आखूड पडली की हवा नाकातून निसटते, मग मूल ती खाली घशातच अडवायला शिकतं. आमच्याकडे ‘पापा’चं ‘आ-आ’ व्हायचं, मध्ये घशात झटका. म, न मात्र स्वच्छ. त्यांना नाक उघडंच लागतं.

आधी गळती आणि सवय वेगळी ओळखायची. थंड स्टीलची ताटली नाकाखाली धरून ‘पपई’ म्हणायला लावा. शब्द संपताक्षणी ताटली काढा, नाहीतर साध्या श्वासाचीच वाफ दिसते. शब्द चालू असताना वाफ धरली, तर हवा गळते आहे. मग नाक चिमटीत धरून तोच शब्द. ‘प’ खणखणीत आला तर मुख्य अडचण गळतीची. तरीही घशातच झटका बसला तर सवयीची. पुष्कळदा दोन्ही असतात. नक्की काय ते नाकातून दुर्बीण घालून, बोलताना टाळू कशी हलते ते पाहिल्यावर कळतं. गळतीला पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, पण घशाची सवय शस्त्रक्रियेने सुटत नाही.

फुगे, शिट्ट्या, मेणबत्त्या फुंकण्यात आमचे कित्येक महिने गेले. फुंकताना टाळू जे करते, ते बोलताना करेलच असं नाही. कृपा करून त्यात वेळ घालवू नका.

उपयोग झाला तो याचा: ओठ मिटून ‘म्म्म’, मध्येच नाक चिमटायचं, ओठ उघडायचे. ‘बा’ येतो. ‘प’साठी कुजबुजत ‘प्’, क्षणभर थांबून ‘हा’. ‘ह’ म्हणताना घसा उघडा राहतो, म्हणून झटका बसत नाही. दोन्हींमधलं अंतर हळूहळू कमी करायचं. आवाज चढला की झटका परत येतो, म्हणून बरेच दिवस कुजबुजच. दहापैकी आठदा बरोबर आलं की पुढे: पा, पी, पू, मग पाट, पपई, मग वाक्य. ‘पान’ किंवा ‘पाणी’ सुरुवातीला नको, शेवटच्या न-णसाठी टाळू खाली येते. पाच-पाच मिनिटं, दिवसातून चारदा. गप्पा मारताना टोकायचं नाही.

कानही तपासत राहा. टाळूचे स्नायूच कानाची नळी उघडतात. ते दुबळे असले की पडद्यामागे पाणी साचतं, आणि जे नीट ऐकू येत नाही ते मूल उच्चारणार कसं? जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली दुभंगलेल्या टाळूचा समावेश आहे, तिथे विचारा.

ओठांचे उच्चार डोळ्यांना दिसतात, म्हणून आधी सुटतात. ‘क’ जिभेच्या मागच्या टोकाचा, घशाच्या अगदी शेजारचा. सध्या आम्ही ‘काका’वर आहोत, अजून कुजबुजत.